महिरपी मॅडम आणि कंसवध

आमच्या मॅडम बोलतानाही कंस टाकायच्या. मूळ मुद्दा सोडून आडवाटेला शिरायचं झालं की डावा हात वर जायचा आणि बोटांनी हवेत एक महिरपी कंस उघडायचा. आडवाट संपली की उजव्या हातानं तो बंद. बुलढाण्याच्या बसस्टँडजवळ, कापडाच्या दुकानावरच्या माडीत त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. कधी नणंदेच्या लग्नातल्या भांडणात त्या इतक्या रमायच्या की कंस उघडाच राहायचा. मग मागून पोरं ओरडायची, "मॅडम, कंस!" त्या दचकून उजवा हात उचलायच्या. महिरपी मॅडम हे नाव त्यातूनच पडलं. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

आम्ही शिकायचो त्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत सूचनांचा प्रत्येक गट अशा कंसांत कोंडावा लागे. एक जरी बंद करायचा राहिला की प्रोग्रॅम तपासणारा कंपायलर अडून बसे. जवळच्या उंद्री गावाहून यायची मी, आणि रोज एखादा तरी विसरायची. "दार उघडं टाकून गेली तं ढोरं आत येतीनच ना पोरी," एवढं म्हणून मॅडम फळ्याकडे वळायच्या. रागावणं असं नाहीच.

पुढे मी त्यांच्याच हाताखाली शिकवू लागले, तेव्हा या भाषेच्या कर्त्यांनी एक प्रायोगिक आवृत्ती काढली. त्यात कंस उडवले होते. ओळ थोडी आत सरकवून लिहिली की ती कोणत्या गटातली ते यंत्रानं समजून घ्यायचं. लोकांनी वापरून बघावं आणि इंटरनेटवरच्या चर्चेच्या पानावर मत सांगावं, असं आवाहन होतं.

मत कसलं, दंगल उसळली. कुणी लिहिलं, कंस गेले तर मी ही भाषा सोडीन. कुणी उत्तर दिलं, जरूर सोडा. आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही फाळणी झाली. पुण्यात नोकरीला गेलेल्या पोरांनी ग्रुपचं नाव बदलून 'कंसवध समिती' ठेवलं. तासाभरात दुसऱ्या बाजूनं ते 'कंस बचाव' केलं. मग दिवसभर नाव पालटतच राहिलं.

महिरपी मॅडम कुठल्या बाजूला असतील याबद्दल कुणालाच शंका नव्हती, आणि सगळेच चुकले. त्यांनी नवी आवृत्ती वर्गात चालवून पाहिली. पोरांच्या चुका कमी झाल्या, चेहरे उजळले. मॅडमनी चर्चेच्या पानावर आपल्या खणखणीत इंग्रजीत लिहिलं की बुलढाण्याचे विद्यार्थी खूश आहेत, कंस खुशाल काढा. भाषेच्या कर्त्यांनी ते मत कौतुकानं सगळ्यात वर लावलं. कुठल्याशा देशातल्या एकानं खाली विचारलं, ही बुलढाणा कंपनी नेमकं काय बनवते? मॅडमनी ते वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

त्याच सुमारास सलीम क्लासला यायचा बंद झाला. मोताळ्याच्या एका टेलरचा हा मुलगा लहानपणीच दृष्टी गेलेला. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर तो कानाला लावायचा, तेही इतक्या वेगानं की आम्हाला नुसती गुणगुण ऐकू येई. वर्गात त्याच्याइतका हुशार कुणी नव्हता. फोन उचलेना, तेव्हा मॅडम मला घेऊन एसटीनं घाट उतरल्या आणि मोताळ्याला त्याच्या घरी पोचल्या. तो आठवडी बाजाराचा दिवस होता. दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी, आणि सलीम कोपऱ्यात बसून बटणं लावत होता.

"काय बे, हे काय करून राह्यला तू?"

"अब्बाले मदत करतो, मॅडम. ते नवीन काही आपल्याले जमत नाही."

"तुले जमत नाही? खोटं बोलू नको."

त्यानं सुई खाली ठेवली. मग हळूच म्हणाला, "मॅडम, कंस मले ऐकू येते. रिकामी जागा ऐकू येत नाही. जागा मोजून सांगायची सोय लावली तं मशीन 'चार स्पेस, आठ स्पेस' करत बसते, अन् खरी ओळच डोक्यातून जाते."

"मंग बोलला काऊन नाही?"

"समदे खूश होते. मी एकट्यानं काऊन मोडता घालू?"

"एकटा हायेस म्हणूनच बोलाचं ना, बाबू," मॅडम म्हणाल्या. सलीमच्या अब्बांनी शिलाई मशीन थांबवलं आणि चहा सांगितला.

सलीम परत आला. मॅडमच्या खुर्चीत बसून त्यानं एकच प्रोग्रॅम दोन्ही तऱ्हांनी लिहिला आणि त्याच्या कानाला दोन्ही कसे ऐकू येतात त्याचं ध्वनिमुद्रण चर्चेच्या पानावर टाकलं. खाली मॅडमनी लिहिलं, माझं आधीचं मत मी मागे घेते, वर्गातले सगळे खूश आहेत हे मी न विचारताच लिहिलं होतं. त्या पानावर माघार घेणारं तोवर कुणी निघालं नव्हतं. दिवसभर तिथं कुणी भांडलं नाही. मग देशोदेशीचे दृष्टी नसलेले प्रोग्रॅमर एकेक करून बोलू लागले.

शेवटी कर्त्यांनी तोड काढली: कंस राहतील, ज्याला नको त्यानं टाकू नयेत. झालं, दोन्ही पक्ष सारखेच चिडले. पुण्याच्या पोरांनी ग्रुपवर लिहिलं, "मॅडम, तुम्ही पार्टी बदलली!" मॅडमचं उत्तर लगेच आलं, "हाव, बदलली. माणूस आहो मी, कंपायलर नाही."

नंतर गुडघे त्यांना माडीचा जिना चढू देईनात. मुलानं नागपूरला बोलावून घेतलं. क्लास त्यांनी सलीमच्या हाती दिला आणि बसच्या खिडकीतून त्याला बजावलं, "पोट्ट्यायवर ओरडू नको. ओरडाचं काम मी फोनवरून करीन." बस हलली तेव्हा सलीम आवाजाच्या दिशेनं हात हलवत उभा होता. आम्ही थांबायला सांगेपर्यंत हलवतच राहिला.

यंदा त्या भाषेत आणखी एक प्रयोग आला आणि ग्रुपवर पुन्हा रणधुमाळी माजली. दोन्ही बाजू मॅडमचं मत विचारू लागल्या. संध्याकाळी नागपूरहून त्यांचा आवाजी निरोप आला. मागून एका लहान पोराची बडबड ऐकू येत होती.

"मले काही विचारू नका. मी नातवाले बोलायले शिकवून राह्यली. तो रोज सकाळी नवीन व्याकरण काढते, अन् त्याची माय, त्याचा बाप, मी, आम्ही समदे मुकाट्यानं शिकतो."