कानटोपीवाले वामनभाऊ

वामनभाऊंनी मला नोकरीच्या मुलाखतीत नाव-गावसुद्धा विचारलं नाही. ब्रह्मपुरीच्या त्यांच्या दुकानात मी एम.ए.ची मार्कशीट हातात धरून उभी होते, आणि त्यांनी सरळ माझ्या डोक्यावर एक हेडफोन चढवला. आत रोवणीचं गाणं चालू होतं, बायका चिखलात धान रोवताना म्हणतात ते. गाणं संपल्यावर म्हणाले, "काय काय आयकू आलं?" मी सांगितलं, गाणं ऐकू आलं, चिखलात पाय रुतल्याचा आवाज आला आणि मधेच एक बाई शिंकली. "शिंक आयकू आली ना? मंग उद्यापासून या," ते म्हणाले. मार्कशीट त्यांनी शेवटपर्यंत पाहिली नाही. मला त्याचा रागही आला होता, कारण ती फर्स्ट क्लासची होती.

वामनभाऊंचा मूळ धंदा नाटकांना साउंड पुरवायचा. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव नाटकं होतात, आणि त्यांचे भोंगे नाहीत असं गाव त्यांनी ठेवलं नव्हतं. पुढे राइस मिलमधली माणसं त्यांच्याकडे येऊन कुरकुरायला लागली, की मशीनच्या घरघरीत मोबाइलवरचं गाणं ऐकू येत नाही. भाऊंनी दिल्लीहून सुटे भाग मागवले, कानावर बसणाऱ्या वाट्यांना जाड कापसाची गादी शिवून घेतली आणि हेडफोन बनवला. दिसायला तो थंडीतल्या कानटोपीसारखा दिसे, म्हणून नावही तेच ठेवलं. मिलवाल्यांनी घेतला, ट्रॅक्टरवाल्यांनी घेतला. मग त्यात वाजवायला आपल्याकडची गाणी कुठे मिळतात, असं लोक विचारायला लागले, तेव्हा गाण्यांचं ॲपही निघालं. दुकानाच्या मागच्या खोलीत अकरा बायका हेडफोन जोडायच्या आणि पुढच्या खोलीत मी ॲपवर गाणी चढवायचे.

गाणं घ्यायची त्यांची एक रीत होती. ज्यानं गायलं त्याला आधी ते पूर्ण ऐकवायचं. त्यानं मान डोलावली तरच ते ॲपवर चढायचं. नागभीडकडचे एक म्हातारे भीमगीतं फार गोड म्हणत. त्यांनी स्वतःचं गाणं ऐकलं आणि म्हणाले, "हा मी नोहो. हा कोनी बुढा हाये." वामनभाऊंनी हुज्जत घातली नाही. तीन वेळा गेले, तीन वेळा गाणं घेतलं, आणि तिसऱ्यांदा म्हातारबाबा म्हणाले, "आता थोडासा मी वाटून राह्यलो." परतताना मी चिडून म्हणाले, तिन्ही गाणी सारखीच आहेत. "असतीन," भाऊ म्हणाले. "पण आवाज त्याचा हाये. त्याले पटल्याबिगर आपन कोन ठेवनारे?"

ट्रॅक्टर चालवणारा स्क्रीनकडे बघू शकत नाही, म्हणून प्रत्येक गाण्याआधी गाणाऱ्याचं नाव बोलून सांगायचं, ही कल्पनाही त्यांचीच. ते बोलण्याचं काम माझ्याकडे आलं. पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्या वहीवरून भांडले. बायकांची नावं त्यांनी लिहिली होती ती अशी: मंगेशची माय, पोचूची आजी, गणेशची माय. मी म्हटलं, "भाऊ, ही काय नावं झाली?" ते म्हणाले, "काऊन? गावात त्याईले आवाज द्यायचा झाला तर काय म्हनून देता?" मी वही मिटली. माझ्या आईलाही आमच्या सिंदेवाहीच्या मोहल्ल्यात कोणी नावानं हाक मारत नव्हतं. ती प्रज्ञाची माय होती.

अशी सहा वर्षं गेली, आणि हैदराबादची एक मोठी टेक्नॉलॉजी कंपनी 'कानटोपी' विकत घ्यायला आली. त्यांना हेडफोनही हवा होता आणि ॲपही. भाऊंच्या तब्येतीनं तोवर कुरबुर सुरू केली होती, मुलगी नागपूरला डॉक्टर झाली होती, तिला हा पसारा नको होता. भाऊ तयार झाले. मागच्या खोलीतल्या अकरा जणींना कंपनी कामावर ठेवणार, हे त्यांनी आधी लिहून घेतलं. दिवाळीच्या आत सह्या ठरल्या.

मग कंपनीची वकील मॅडम आली आणि तिनं वही मागितली. प्रत्येक गाण्यामागे गाणाऱ्याची सही किंवा अंगठा, आधार कार्डावरचं नाव, हे सगळं तिला हवं होतं. आमच्याकडे मान डोलावलेली माणसं होती, सही एकाचीही नव्हती. आम्ही दोन महिने मोटरसायकलवरून हिंडलो. मंगेशची माय सापडली, पोचूची आजी सापडली, म्हातारबाबा तर दारातच वाट बघत होते. राहिलं एक गाणं, आणि तेही नेमकं ॲपवर सगळ्यात जास्त ऐकलं जाणारं. मुलाखतीत मी ऐकलेलं तेच. वहीत लिहिलं होतं: गणेशची माय, सिंदेवाहीकडची.

ते गाणं घेतलं त्या वर्षी तिकडून रोवणीला बायकांची टोळी ब्रह्मपुरीकडे टेम्पोनं आली होती. भाऊंनी बांधावरच गाणं घेतलं, बांधावरच ऐकवलं, तिनं मान डोलावली आणि टेम्पो निघून गेला. गाव विचारायचं राहिलं. सिंदेवाही तालुक्यात गावं किती, आणि गावागावात गणेश किती! एका गावात चार गणेशांच्या चार आया आमच्यासमोर बसल्या. त्यांतली एक म्हणाली, "मीच गायली असन. आता ध्यानात नाई, पन आवाज बरा हाये." भाऊसुद्धा हसले.

वकील मॅडम काही वाईट नव्हती. तिनं सोपी वाट दाखवली. "सर, ट्रेडिशनल लिख दीजिए. पारंपरिक गीत. किसी की साइन नहीं लगेगी." वामनभाऊ आपल्या नागपुरी हिंदीत म्हणाले, "मॅडम, परंपरा को गला नहीं रहता. गला बाई को रहता." तिनं माझ्याकडे बघितलं. मी तरी काय करणार होते? मॅडमनं सांगितलं, हे गाणं कंपनीला हवंच आहे, आणि ते असं लटकत राहिलं तर व्यवहारही लटकेल. मागच्या खोलीतल्या शोभाताई त्या दिवशी पुढे आल्या. "भाऊ, त्या एका बाईसाठी आमी अकरा जनी घरी बसावं का?"  भाऊंनी दुपारचा डबाही तसाच परत नेला.

चार दिवसांनी त्यांनी सिंदेवाहीच्या बाजारात जुना भोंगा बांधला आणि ते गाणं लावलं. लावलं म्हणजे लावतच राहिले. भाजीवाले वैतागले, एका पोलिसानं येऊन विचारपूसही केली. दुपारी एक बांगड्यावाली आमच्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "हा तर सविताच्या मायचा आवाज होय. मी तिच्या गावाले जातो ना बांगड्या घेऊन." भाऊ म्हणाले, "आमाले गणेशची माय पायजे." तिनं इकडेतिकडे पाहिलं. "तीच. पन तसं म्हनू नका. गणेश बोडीत बुडून गेला. पाच वर्सं झाले. तवापासून गावात कोनी तिले तसा आवाज देत नाई. सविता धाकटी, तिच्या नावानं देते."

भाऊंनी भोंगा बंद केला आणि भोंग्याच्या पेटीवरच बसले. आमच्या बोडीला, म्हणजे शेताजवळच्या लहान तळ्याला, पावसाळ्यात तळ लागत नाही. पण ते त्याचा विचार करत नव्हते. "प्रज्ञाबाई," ते म्हणाले, "पाच वर्सं आपन तिच्या जखमेवर मीठ चोळून राह्यलो. टॅक्टर-टॅक्टरवर."  चोळत होते ती मी. आवाज माझा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिच्या गावी गेलो. जाताना वाटेत त्यांनी ठरवून टाकलं होतं, की तिची माफी मागायची, तिचं नाव काढून टाकायचं आणि ती म्हणेल तर खुशाल 'पारंपरिक' लिहायचं. जो शब्द नको म्हणून त्यांनी सगळ्यांना वेठीला धरलं, तो शब्द ते आता स्वतः तिच्या दारात घेऊन निघाले होते. मी त्यांना तसं म्हटलंसुद्धा. ते म्हणाले, "मले मालूम हाये. चूप बसा."

ती अंगणात धानाच्या पेंढ्या बांधत होती. चाळिशीची असेल. आम्ही कोण ते सांगितल्यावर तिनं पाणी आणलं. वामनभाऊ उभेच राहिले. एरवी कुणाच्याही कानाला हेडफोन लावणारा हा माणूस, हेडफोनच्या पिशवीला हात न लावता म्हणाला, "बाई, माफ करा. आमाले माईत नव्हतं. ते नाव आजच काढून टाकतो."

"काऊन?" ती म्हणाली.

 तिनंच सांगितलं. शेजारच्या ट्रॅक्टरवर ते गाणं रोज लागतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती दोन दिवस जेवली नाही. मग तो ट्रॅक्टर शेताकडे जायच्या वेळेला ती बांधावर जाऊन उभी राहायला लागली. "लोकं चांगलेच हायेत. मले दुख नको म्हनून सविताची माय म्हनते. घरचे बी म्हनते. गणेशचं नाव माह्याजवळ कोनी घेतच नाई. तो टॅक्टरच घेते." पेंढीची गाठ तिनं ओढून घट्ट केली. "तुमी कायले काढता?"

अंगठा तिनं दिला, आधारवरचं नावही दिलं. ते नाव मी इथे लिहीत नाही. भाऊंनी तिथूनच मॅडमला फोन लावला. कागदावर कागदाचं नाव राहील, पण गाण्याआधी बोललेलं नाव आहे तसंच राहील, आणि तसं करारात लिहिल्याशिवाय मी सही करणार नाही, एवढंच सांगून त्यांनी फोन ठेवला. मॅडमनं ते कलम घातलं. तिला ते पटलं की ती कंटाळली, मला माहीत नाही. 'कानटोपी' दिवाळीच्या दोन दिवस आधी विकली गेली. शोभाताई आजही हेडफोन जोडतात. वामनभाऊ त्यानंतर जेमतेम वर्षभर होते. हृदयाचा झटका आला, नागपूरला नेता नेता गेले. कंपनीनं पुढे बाकीच्या गाण्यांआधीच्या नावांना मशीनचा आवाज घातला. ते एक नाव कलमामुळे माझ्याच आवाजात राहिलं.

त्या सकाळी आम्ही निघालो तेव्हा भाऊ पुढे जाऊन मोटरसायकल वळवत होते. ती माझ्यामागे फाटकापर्यंत आली. "बाई, टॅक्टरात बोलते तो आवाज तुमचा होय का?" मी हो म्हटलं.  "मंग एक डाव म्हना ना, इथी."

मी म्हटलं, "गणेशची माय."

तिनं ओ दिली.