घाड्याचा मोडका वेत

सुलू, माझी बायको, गेली. दहाव्याला कावळा शिवेना. नातेवाईक म्हणाले, तिची काय इच्छा राहिली ती बोल. मी म्हटलं, "इच्छा बिच्छा काय नाय. कावळे तिका भियतत." शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला.

साठ सालाच्या आसपास तिचं अंग जड व्हायला लागलं. तोंड सुजलं, आवाज बाप्यासारखा घोगरा झाला. गुडघे, मनगटं ठणकायची आणि बोटं मात्र बधीर. बांगडे चिरताना बोट कापलं तरी तिला कळत नसे, रक्त बघून मीच ओरडायचो. मी मचव्यावर समुद्रात गेलो असताना आईने घाडी बोलावला, भुतं काढणारा. मी परत आलो तर अंगणात ही गर्दी. घाड्याने एका हाताने तिचे केस पिळले होते, दुसऱ्या हाताने बोटांवर वेत हाणत होता.

"खंयसून इलंस? सांग!"

"कट्ट्यासून... माजा म्हायार थंय."

"बघा, मारलेला लागणा नाय हिका! आत दुसराच कोणतरी आसा." असं म्हणून त्याने तिच्या तळहातावर कापूर पेटवला. कातडी करपल्याचा वास सुटला आणि ती नुसती बघत राहिली... मी वेत हिसकावला. त्याच्या तोंडावर हाणला. तो पडला तरी हाणला. त्याचे दात मातीत पडले. वेत मधोमध मोडला तेव्हा थांबलो. आई मला शिव्याशाप देत होती. देऊ दे. मला अजून त्याचं काही वाटत नाही.

पुढच्या बोटीने तिला मुंबईला नेलं. इस्पितळात डॉक्टरने गुडघ्यावर ठोकायला लहान हातोडी काढली, तर ही माझ्या पाठीमागे लपली. "ह्यो पण मारतलो काय हो?"

डॉक्टरने सांगितलं, गळ्यात थायरॉईड नावाची ग्रंथी असते. ती मंद पडली की अंग सुजतं, सांधे धरतात, हात बधिरतात. गोळी रोज, जन्मभर.

काही महिन्यांनी तिने चुलीवरचं टोप नुसत्या हाताने धरलं आणि किंचाळली, "आई गे, भाजलंय!" बोंबलता बोंबलता हसायलाच लागली.

मोडका वेत तिने टाकू दिला नाही. अंगणात सुंगटं, म्हणजे कोळंबी, वाळत घातली की तो घेऊन बसायची. "येवा रे घाड्यांनू, येवा!" एका कावळ्याची छाती होत नसे.

आज सुनेने सुंगटं घातलीत. वेत माझ्या हातात आहे. दहाव्याला न आलेले कावळे सगळे आलेत, माझ्या पायाजवळून उचलून नेतायत. मी वेत आपटतो... एकही उडत नाही.