सात मिनिटं उशिरा येणारी भरती

ती पहिल्यांदा माझ्या लक्षात आली ती तक्रार घेऊन आली म्हणून. मी तेव्हा शाळेची मुख्याध्यापिका होते. एका हातात लेकीचा विसरलेला डबा, पायात रबरी बूट आणि चेहऱ्यावर रागाचा लवलेश नाही. म्हणाली, "बाई, तुमची घंटा सात मिनिटं उशिरा होते. तीन दिवस पाहिलं, मगच आले." एवढी खातरजमा करून तक्रार करणारा पालक मला तोवर भेटला नव्हता. मी शिपायाला बोलावून शाळेचं घड्याळ सात मिनिटं पुढे करून घेतलं.

पुढे ती आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायला आली. बोटीच्या धक्क्यावर समुद्राचं पाणी मोजायची तिची नोकरी. धक्क्याच्या खांबाला आकड्यांची उंच पट्टी ठोकलेली आहे. सकाळी सातपासून संध्याकाळी पाचपर्यंत दर तासाला तिथं जायचं, चार-पाच लाटा जाऊ द्यायच्या, वरचा आणि खालचा आकडा पाहून मधला वहीत लिहायचा. इमारतीतली मुलं तिला भरतीमावशी म्हणत, आणि मीही म्हणू लागले.

या वह्या कार्यालयाच्या लोखंडी कपाटात जात. किल्ली साहेबांच्या खिशात. मग निरनिराळ्या किनाऱ्यांवरच्या अशा केंद्रांनी मिळून इंटरनेटवर एक सामाईक भांडार उघडलं. सगळ्यांनी आपल्या नोंदी एकाच साच्यात भरायच्या. त्या कुणीही पाहाव्यात, वापराव्यात, शंका विचारावी. आणि एकदा भरलेलं पुसायचं नाही. दुरुस्ती केली तरी जुना आकडा शेजारी दिसत राहणार, दुरुस्ती करणाऱ्याच्या नावासकट.

साहेबांना हे पटेना. "आपण उन्हात उभं राहायचं आणि लोकांनी आयत्या बिळावर नागोबा व्हायचं?"

"साहेब, उन्हात मी उभी राहते," मावशी म्हणाली. "आणि सध्या त्या वह्या फक्त झुरळं वाचतायत."

किल्ली मिळाली. दीड वर्ष आम्ही दोघी संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचो. मी नुकतीच निवृत्त झाले होते. मी आकडे वाचायचे, ती भरायची. तिचा एक आणि सात सारखाच दिसे; त्यावरून मी तिला बोलायचे आणि ती मुकाट्यानं ऐकून घ्यायची. तिच्या आधीच्या माणसाच्या वह्याही आम्ही भरल्या.

सगळं भरून महिना झाला असेल, तोच भांडारात सर्वांना दिसेल अशी एक शंका आली. दूरच्या एका किनाऱ्यावरची संशोधक बाई विचारत होती: तुमच्या केंद्राची भरती आधी गणिताबरहुकूम येत असे, पण गेली नऊ वर्षं ती सरासरी सात मिनिटं उशिरा येते आहे. धक्क्यावर काही बदललं का?

नऊ वर्षं म्हणजे मावशीच्या नोकरीची सगळी वर्षं. ती दोन दिवस पट्टी तपासत राहिली. तिसऱ्या दिवशी तिकिटाच्या खिडकीतल्या कारकुनानं विचारलं, काय शोधताय. तिनं सांगितलं.

"सात ना? मग घड्याळच की," तो म्हणाला. "बोटीवाले वेळेवर यावेत म्हणून आपलं घड्याळ सात मिनिटं पुढं असतं. सगळ्यांना माहीत आहे, तुमच्या आधीच्यालाही होतं."

"सगळ्यांना म्हणजे कुणाला?"

"सगळ्यांना. तुम्ही सोडून."

त्या घड्याळावर ती रोज मनगटावरचं घड्याळ लावायची, आणि मनगटावरच्यावर घरातली सगळी. मोबाइल मागं पडतो, असं ती आम्हाला बजावून सांगायची. मला मात्र वेगळीच धडकी भरली. तिच्या शब्दावर मी शाळा सात मिनिटं आधी भरवत होते, आणि दारात धापा टाकत पोचलेल्या किती मुलांना ओणवं उभं केलं, देव जाणे.

साहेबांनी तोडगा काढला. "नऊ वर्षांच्या नोंदी चाचणीपुरत्या होत्या असं लिहू आणि रद्द करून टाकू. चारचौघांत शोभा नको."

ती माझ्याकडे येऊन बसली. चहा गार झाला. "बाई, घड्याळ कायम सातच मिनिटं पुढं असेल, तर वजा करता येईल. पण कधी चार, कधी नऊ असं असेल, तर मी नऊ वर्षं नुसती हवा खाल्ली."

घड्याळ पुढे करण्याची प्रथा धक्क्याच्या जुन्या व्यवस्थापकांची. ते आता घरी होते. आम्ही दोघी गेलो. त्यांना वाटलं, चौकशी आली. "मी काही चोरी केली नाही," असं दारातच म्हणाले.

"काका, चोरी राहू द्या. सातच्या जागी कधी सहा-आठ व्हायचे का?" मावशीनं विचारलं.

म्हातारा दुखावला. "काय बोलता? नवं घड्याळ आलं त्या दिवसापासून दर सोमवारी रेडिओची वेळ ऐकून बरोब्बर सात मिनिटं पुढं लावत होतो. कारकुनालाही तसंच शिकवून आलो."

"घरी उशिरा यायचे ते मात्र रेडिओ न ऐकता," आतून त्यांची बायको म्हणाली.

लबाडी इतक्या नेमानं करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मावशीनं तिथंच त्यांना वाकून नमस्कार केला, तेव्हा ते गोंधळून माझ्याकडे पाहू लागले.

दुसऱ्या दिवशी तिनं भांडारात खुलासा लिहिला. मजकूर मला दाखवला. मी एक स्वल्पविराम घातला. "घड्याळ पुढे होते. मी ते कधी ताडून पाहिले नाही, चूक माझी. मूळ नोंदी तशाच आहेत, शेजारी सुधारित वेळ दिली आहे." खाली तिचं नाव. साहेब म्हणाले, "तुमचं नाव कशाला? केंद्राचं टाका."

"साहेब, घड्याळ केंद्राचं होतं. पण विश्वास मी ठेवला."

दोन आठवडे ती माझ्याकडे नीट जेवलीही नाही. मग संशोधक बाईचं उत्तर आलं: सुधारित वेळ धरून महिन्यागणिक पडताळलं, एका मिनिटाच्या आत बसतं, नऊही वर्षं ग्राह्य धरत आहोत. त्याखाली चार दिवसांत आणखी तीन केंद्रांनी आपापलं कबूल केलं. एकाची पट्टी रंग देताना चार बोटं वर ठोकली गेली होती. दुसऱ्याचा माणूस वर्षभर जेवणाच्या सुट्टीतला आकडा अंदाजानं लिहीत होता. तिसऱ्यांनी फक्त "आमचंही घड्याळ" एवढंच लिहिलं.

साहेबांनी तो सगळा पत्रव्यवहार छापून भिंतीवर लावला आणि पाहुण्यांना स्वतः वाचून दाखवू लागले.

भरतीमावशी अजून धक्क्यावर उभी राहून पाणी मोजते. शिवाय, भांडारवाल्यांनी विनंती केली तेव्हापासून, मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी ती भांडारात नव्यानं येणाऱ्या केंद्रांच्या नोंदी तपासते. आजघडीला अशी बत्तीस केंद्रं तिच्याकडे आहेत, आणि त्यातलं एकही तिनं डोळ्यांनी पाहिलेलं नाही.