ताईसाठी डेक

मामाला घरात सगळे भिंगरी म्हणतात. हाडाचा सुतार, पण एका जागी ठरेल तर शपथ. उभ्यानं जेवतो, चालता चालता चहा पितो, आणि प्रश्न विचारून उत्तर ऐकायलाही थांबत नाही.

आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि मागच्या दाराच्या दोन पायऱ्या तिला डोंगर झाल्या. दिवसभर घरात कोंडल्यासारखी बसायची. मामानं ठरवलं, उंबऱ्याच्या पातळीला लाकडी डेक, म्हणजे फळ्यांचा ओटा, करायचा. काठी टेकत त्याच्या ताईनं उन्हात येऊन बसायचं. वाळवी लागू नये म्हणून दाबानं औषध भरलेल्या फळ्या आणल्या. इतक्या ओल्या, की खिळा ठोकला की पाणी सुटायचं.

"मध्ये पट्ट्या घालून रचून ठेवा, चांगल्या वाळू द्या," वखारवाल्यानं बजावलं होतं.

"लाकूड काय जावई आहे, मानानं बसवून ठेवायला?" म्हणत मामानं त्याच दिवशी ठोकाठोक सुरू केली. वर कोरड्या सागवानाला ठेवतो तशी फट सोडली. ओली फळी आक्रसते, ती शेजारच्या फळीला भिडवूनच बसवायची, फट आपोआप पडते. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण घाई झाली की त्याची अक्कल चरायला जाते.

उन्हानं फळ्या आक्रसल्या, कडा वर आल्या, फटी रुंदावल्या. आई पहिल्यांदा बाहेर आली तेव्हा मामानं तिचा हात धरला होता. खुर्ची सरळ करायला म्हणून तो हात सोडून पुढं धावला. काठी फटीत रुतली आणि आई पडली. हाड वाचलं, पण तिचा धीर गेला.

मामानं सगळा डेक उखडला. नव्या फळ्या आणून रचल्या. रोज सकाळी यायचा, एखादी फळी उचलून हलकी झाली का बघायचा, चिडायचा, जायचा, पुन्हा यायचा. मला त्याची कीव यायची आणि रागही. अखेर वाळल्यावर त्यानं त्या बारीक फट ठेवून बसवल्या. एकही वाकली नाही.

"ताई, ये. आता काठी अडकायची नाही."

आई दारातच उभी. "फळ्यांना नाही रे घाबरत," ती म्हणाली. "तू हात सोडून पळतोस, त्याला घाबरते."

मामा गोरामोरा झाला. खिशात फोन वाजत होता, तो त्यानं घेतला नाही. हात पुढं करून उभा राहिला. आई बराच वेळ हलली नाही. तोही हलला नाही.