काळ्यातल्या तीन पट्ट्या

आमच्या घरातली सगळी यंत्रं माझ्या ताब्यात असतात. नवऱ्याला मिक्सरचं भांडंसुद्धा नीट बसवता येत नाही, आणि हे माझं माहेरी-सासरी सगळीकडे सांगून झालंय. त्यामुळे सावेडीच्या फ्लॅटमध्ये होम थिएटर आणायचं ठरलं तेव्हा दुकानदाराशी डोकं लावायला मीच गेले. मोठा टीव्ही, डिस्क प्लेअर, पाच स्पीकर आणि जमिनीवर ठेवायचा एक जाडजूड सबवूफर असा सगळा संसार मी टेम्पोतून घरी आणला.

आणला तो मामांसाठी. मामा म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना पारनेर तालुक्यातल्या गावाहून इकडे घेऊन आलो, पण त्यांचं मन काही लागेना. दिवसभर खोलीत बसून राहायचे. खाली कोपऱ्यावर भाजी आणायलासुद्धा जायचे नाहीत. आणि दर चार दिवसांनी कापडी पिशवीत कपडे भरून "मी आपला गावाला जातो" म्हणायचे. तिकडच्या बंद घरात म्हातारा माणूस एकटा कसा राहणार? मला त्यांनी जायला नको होतं. यात माझा स्वार्थही होता. माझ्या हातच्या भाकरीला चांगलं म्हणणारं घरात दुसरं कोणीच नाही.

टीव्हीचं आमिष दाखवण्यामागे कारण होतं. तरुणपणी मामा तंबूच्या टॉकीजवर ऑपरेटर होते. गावोगावच्या जत्रांत तंबू लागायचा आणि मशीन मामा चालवायचे. पडद्यावर चित्र पडलं की मशीन सोडून ते तडक शेवटच्या रांगेत जायचे आणि तिथून बघायचे. "पुढं बसनारा काय बी चालवून घेतो. शेवटच्याला दिसलं पायजे," हे मी लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यातच ऐकलं होतं.

टीव्ही लागला त्या संध्याकाळी मामा उठून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. आमच्या हॉलची शेवटची रांग तीच.

"मळकाट हाय," ते म्हणाले. "पिवळं मारतंय."

मी उजेड वाढवला, निळा वाढवला.

"अजून."

ऑपरेटर सासऱ्यांपुढे सुनेनं काय बोलायचं? मी वाढवत गेले. आठवड्याभरात बातम्या सांगणारी बाई फ्रिजमधून नुकतीच काढल्यासारखी दिसायला लागली. क्रिकेटच्या मैदानावर कोणीतरी नीळ ओतली होती. नवरा म्हणाला, "अगं, माझे डोळे दुखतायत." मामा मात्र "अजून मळकाटच हाय" म्हणत होते, आणि पिशवी पुन्हा भरली गेली होती.

मी शाळेत भूमिती शिकवते. दोन माणसांची दोन मतं झाली की मला मोजपट्टी लागते. शोधता शोधता कळलं की टीव्हीसाठीही तशी मोजपट्टी असते. कॅलिब्रेशन डिस्क म्हणतात तिला. त्यात सिनेमा नसतो, नुसत्या आकृत्या आणि आवाज असतात. त्या बघून चित्राचा उजेड, रंग आणि स्पीकर जागेवर आणायचे. प्रश्न एवढाच, की कोणती घ्यायची. एक होती जाडजूड, शेकडो आकृत्यांची, तंत्रज्ञांसाठीची. दुसरी लहान, एक माणूस समजावून सांगतोय अशी. माझा जीव अर्थातच पहिलीवर. वर्गातही मी सगळ्यात मोठा कंपासबॉक्स आणणारी मुलगी होते.

लग्नाच्या शूटिंगचं दुकान चालवणारा एक ओळखीचा माणूस आहे, त्याच्याकडे दोन्ही निघाल्या. "मॅडम, दोन्ही न्या आणि लावून बघा," तो म्हणाला. "पण ही मोठी नेणारे लोक पाचव्या आकृतीला चहाला उठतात. घरात कोणासाठी लावायचंय?"

"सासऱ्यांसाठी."

"मग त्यांना शेजारी बसवा. त्यांना समजेल ती खरी."

रविवारी दुपारी खिडक्यांना चादरी बांधून मी हॉलमध्ये अंधार केला आणि मामांना बसवलं. ऑपरेटरला मान दिल्याशिवाय काम होत नाही, म्हणून चहाही दिला. मोठी डिस्क सुरू केली. चौकटी आल्या, आकडे आले, राखाडी पायऱ्या आल्या. मी वहीत लिहून घेत होते. मागून घोरण्याचा आवाज आला. मोठी डिस्क तिथेच बाद झाली, आणि मला त्या दुकानदाराचा थोडा रागच आला, कारण त्याचं बरोबर निघालं होतं.

दुसरी लावली. तिच्यात आधी आवाज होता. एक माणूस इंग्रजीत एकेका स्पीकरमधून त्या स्पीकरचं नाव घेत खोलीभर फिरायचा. मामा जागे झाले आणि हजेरी द्यावी तसे प्रत्येक आवाजाला "हाय" म्हणायला लागले. मागचा उजवा स्पीकर मी चुकून डाव्या तारेला जोडला होता, तो त्यांनीच पकडला. कान अगदी शाबूत. मी लई खूश, त्यांच्याच भाषेत.

मग चित्र. डिस्कबरोबर निळ्या काचेचा पुठ्ठ्याचा चष्मा होता, जत्रेत मिळतो तसा. त्यातून बघून रंग जुळवायचे. मामांनी तो लावला आणि लगेच काढला. "ह्यातून तर अंधारच हाय." मला वाटलं, उलटा लावला असेल.

शेवटी काळा पडदा आला. त्या काळ्यावर जरा कमी काळ्या अशा तीन उभ्या पट्ट्या होत्या. उजेड बरोबर असेल तर त्या जेमतेम दिसाव्यात. मी टीव्ही कंपनीनं दिला होता तसा पूर्ववत केला होता. मला तिन्ही दिसत होत्या.

"मामा, किती पट्ट्या?"

"कुठल्या पट्ट्या?"

मी उजेड वाढवला. काळा पडदा चुलीतल्या राखेसारखा झाला. "आता?"

मामा उठले, शेवटच्या रांगेत गेले, परत आले, पार टीव्हीला नाक लावून उभे राहिले. पहिल्या रांगेच्याही पुढे. मग हळूच माझ्या शेजारी बसले.

"तुला किती दिसत्यात?"

"तीन."

डिस्कवरचा माणूस इंग्रजीत बोलतच होता, त्याला मी गप्प केलं.

"मला एक बी न्हाई," मामा म्हणाले. "लई दिवस झालं. मानसं मी आवाजावरनं वळखतो. ऑपरेटरचेच डोळे गेले, हे कुनाला सांगायचं? गावाला मला ठाऊक हाय, उंबरा कुठं, दगूड कुठं. तिथं डोळं मिटून बी चालता येतं. हितं न्हाई येत."

मला रडू आलं. राग आला तो स्वतःचा. त्यांचं खोलीत बसणं मी रुसवा समजत होते, पिशवी भरणं हट्ट समजत होते, आणि आठवडाभर त्यांच्या डोळ्यांतला मळ टीव्हीवरून पुसत बसले होते. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "मामा, उद्या डॉक्टरकडे जायचं." शाळेतला आवाज लागला असावा, कारण ते "व्हय" म्हणाले.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, चांगलाच पिकलेला. महिन्याच्या अंतरानं दोन ऑपरेशनं झाली. तेवढ्या काळात मी टीव्ही लहान डिस्कप्रमाणे लावला आणि पुन्हा हात लावला नाही. डिस्क परत करायला गेले तेव्हा दुकानदाराला सांगितलं, हीच हवी, माझ्यासाठी नवी मागव.

दुसऱ्या डोळ्यावरची पट्टी निघाली त्या संध्याकाळी मामा काळा चष्मा काढून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. टीव्हीवर तीच बातम्यांची बाई होती. त्यांनी बराच वेळ बघितलं.

"आता बराबर हाय," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले आणि तसंच, तेवढाच वेळ बघत राहिले. "तुझं केस कवा पांढरं झालं गं?"

"झाली चार वर्षं."

"आन मला कुनी सांगितलं बी न्हाई," ते म्हणाले आणि जेवायला बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेच्या गडबडीत होते. मामा पायात वहाणा घालून दारात उभे होते आणि हातात तीच कापडी पिशवी होती. एवढं सगळं करून शेवटी निघालेच, असं वाटलं. मग लक्षात आलं, पिशवी रिकामी होती.

"कोपऱ्यावर जाऊन येतो," मामा म्हणाले. "कंची भाजी आनू?"