कापूर शेवटच्या पाण्यात

माझी खाला, म्हणजे मावशी, शाळेचे गणवेश शिवते. तिचं आणखी एक काम आहे, त्याची पाटी मात्र कुठं नाही. वस्तीतली कुणी बाई गेली की तिला शेवटची अंघोळ घालायची आणि कफनात गुंडाळायचं. हे काम बायकांनीच करायचं असतं. खाला बावीस वर्षांची असताना तिची सासू गेली. घरातल्या बाकीच्या बायका भिंतीला टेकून रडत बसल्या; हिनं बाह्या वर सारल्या आणि एका म्हाताऱ्या शेजारणीच्या हाताखाली उभी राहिली. त्याला एकतीस वर्षं झाली. अंघोळ घालताना जे दिसतं, त्याबद्दल ती चकार शब्द काढत नाही.

गेल्या वर्षी मशिदीच्या समितीचे सेक्रेटरी तीनदा आमच्या घरी आले. दारातल्या खुर्चीत बसून विचारत गेले, खाला शिवणयंत्रावरून सांगत गेली: पाणी किती वेळा, सुरुवात उजवीकडून, अंगावरची चादर ढळू द्यायची नाही. सगळं वहीत उतरवलं, चहा घेतला, दुवा देऊन गेले.

दोन महिन्यांनी त्याच वहीची पुस्तिका होऊन माझ्यासमोर आली. मी छापखान्यात मजकूर जुळवते. लेखक म्हणून नाव सेक्रेटरींचं. प्रस्तावनेत लिहिलेलं, ‘बायकांना दीनचं, म्हणजे धर्माचं, ज्ञान जात्याच कमी, म्हणून हा खटाटोप.’ आणि ह्या ज्ञानी माणसानं कापूर पहिल्याच पाण्यात घातलेला! कापूर शेवटच्या पाण्यात घालतात, हे मलासुद्धा ठाऊक. वर शेवटच्या पानावर सूचना: यापुढे हे काम करणाऱ्या बायकांनी सेक्रेटरींच्या वर्गाला बसून दाखला घ्यावा.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कच्ची प्रत मी घरी नेली. खालानं चष्मा लावून ती शेवटपर्यंत वाचली.

“वर्ग कधी आहे?”

“तू जाणार? अगं, त्यांच्या आईला अंघोळ कुणी घातली होती ते चारचौघांत विचार की!”

“माझ्या हातून शेवटची अंघोळ झालेल्या बाईला मी चव्हाट्यावर आणू?” तिनं मलाच झापलं.

वर्गाच्या दिवशी आम्ही बायका मशिदीच्या माडीवर, लाकडी जाळीमागे. खाली सेक्रेटरी, समितीचे चार पुरुष आणि म्हातारे मौलाना. आम्हाला दिसत काहीच नव्हतं, भोंग्यातून फक्त आवाज. कापराचं वाक्य आलं तशी खाला उठली, जिना उतरून थेट दालनाच्या दारात उभी राहिली. मी तिच्या मागे.

“कापूर पहिल्या पाण्यात नाही. शेवटच्या.”

सेक्रेटरी वर न बघताच म्हणाले, “प्रश्न चिठ्ठीवर लिहून पाठवा. बाईमाणसानं असं मध्ये बोलणं शोभत नाही.”

“बाई बोलली म्हणून तर तुम्हाला हे कळलं,” खाला म्हणाली. “पैगंबरांच्या लेकीला अंघोळ घालायला बायकाच होत्या. पैगंबरांनी त्यांना काय सांगितलं, ते त्यांच्यातल्या उम्म अतिय्यांनी पुढं सांगितलं. मोठमोठे आलिम, धर्माचे जाणकार, त्यांच्याकडून शिकले, त्यांचं नाव घेऊन शिकले. लाज नाही वाटली कुणाला. तुम्ही माझ्याकडून शिकलात आणि माझंच ज्ञान कमी?”

मग मौलाना म्हणाले, “त्या खरं बोलताहेत. कापूर शेवटीच.”

बस्, तेवढंच. तिच्या नावाबद्दल तेही गप्पच राहिले.

दुसऱ्या आवृत्तीत कापराची ओळ सुधारली. प्रस्तावना तशीच, लेखकही तेच. मी विचारलं तर सेक्रेटरी हसून म्हणाले, “नावाला काय चाटायचंय? पुण्य मिळतंय ना त्यांना!” मग तुम्ही का नाही पुण्यावर भागवत, हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. छापखान्याचा मालक समोर होता, गिळले.

खालानं दाखला घेतला नाही. उलट रविवारी शिवणाचं टेबल मोकळं करून सहा बायकांना शिकवायला लागली. मयत म्हणून टेबलावर आडवी पडते माझी वहिनी, अंगभर कपड्यांत. आणि कुशीवर वळवताना गुदगुल्या होऊन खिदळते. खाला तिला रागावते, मग स्वतःच हसते. समितीचं पत्र आलं, ‘विनापरवाना वर्ग बंद करावा.’ वर्ग चालू आहे, आणि वस्तीत कुणी बाई गेली तर लोक आमचंच दार वाजवतात.

परवा तिसरी आवृत्ती छापायला आली. मी हात लावणार नाही म्हटलं. मालकानं ती शेजारच्या माणसाच्या टेबलावर सरकवली. संध्याकाळपर्यंत हजार प्रती तयार होत्या.