डाव्या पायाचा शटडाऊन

त्या वर्षी दिवाळीनंतर मी नागपूरहून भिलाईला गेले ती बाबांची गाडी विकायला. दादानं बंगळुरूत बसून फोनवरच गिऱ्हाईक शोधलं होतं. ते रविवारी येणार होतं, आणि बाबांना सांगण्याचं पुण्यकर्म माझ्याकडे सोपवलं होतं. आमच्या घरात नकोशी कामं नेहमी धाकटीच्या वाट्याला येतात.

गाडी सेकंडहँड, ऑटोमॅटिक. बाबांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, क्लच दाबायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं, म्हणून घेतलेली. रिटायर झाल्यावर सेक्टर सहाचं क्वार्टर सोडून आईबाबा बोरसीच्या घरी आले, पण बाबांनी बोरसीत राहणं कधी मनावर घेतलंच नाही. रोज सकाळी आईला घेऊन सेक्टर सहाला भाजी, मग सिविक सेंटरला चहा, तिथे त्यांच्या वेळची चारपाच माणसं. गाडी गेली की हे सगळं गेलं, हे आम्हाला कळत होतं. तरी दर आठवड्याला रस्त्यात अडून बसणारी गाडी आणि सत्तरी ओलांडलेला माणूस एकत्र नको, असं दादा म्हणायचा. त्याचंही चूक नव्हतं.

शुक्रवारी घरी पोचले तर गाडी अंगणात, आणि स्टीअरिंगला दोऱ्यानं बांधलेला लाल टॅग: काम चालू आहे, मशीन चालू करू नये. बाबांनी सगळी नोकरी भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये मशीन दुरुस्तीची केली. तिथला नियम असा, की मशीनमध्ये हात घालण्याआधी स्विचवर आपला टॅग बांधायचा. ज्यानं बांधला त्यानंच तो काढायचा. दुसऱ्या कोणी, अगदी मोठ्या साहेबानंही, त्याला हात लावायचा नाही, कारण आत माणूस असू शकतो. बाबांनी हा नियम घरीही आणला होता. लहानपणी आमच्या मिक्सरवर एक टॅग महिनाभर होता आणि आई तेवढे दिवस पाट्यावर वाटत होती.

"कोड क्लिअर करून राहिलो," गाडीतून बाबांचा आवाज आला. "तू चहा पी."

त्यांनी एक छोटा स्कॅनर मागवला होता. तो स्टीअरिंगच्या खाली खोचायचा, मग गाडीला काय दुखतंय ते फोनवर उमटतं. उमटत होतं एकच: गिअरबॉक्सचं तेल प्रमाणाबाहेर गरम. बाबा बटण दाबून तो कोड पुसायचे, डॅशबोर्डवरचा इशाऱ्याचा दिवा विझायचा, दोन दिवसांनी परत लागायचा. तेल बदलून झालं होतं, वायरी तपासून झाल्या होत्या. प्रत्येक वेळची नोंद एका लांबड्या वहीत होती, ए शिफ्ट, बी शिफ्ट अशी, जणू अंगणात रात्रंदिवस गाड्या तयार होत होत्या. गाडी सुरू करायच्या आधी, प्लांटमधल्यासारखीच, 'चालू करायला हरकत नाही' अशा परमिटवर आईची सही लागायची. आई कणकेच्या हातानं करायची.

"पुसला म्हणजे दुरुस्त झाला असं नसतं, बाबा," मी म्हटलं. मला वाद सुरू करायचाच होता.

"मले माहीत आहे. पुसल्यावर किती वेळानं परत येते, ते पाहा लागते. उद्या ट्रायल आहे. तू मागून स्कूटरवर ये."

गाडी विकायची गोष्ट माझ्या तोंडातच राहिली. स्वतःचा भयंकर राग आला.

शनिवारी सकाळी ट्रायल निघाली. बाबा गाडी चालवायला, शेजारी फोन धरून आई, आणि मागच्या सीटवर वही घेऊन क्रेनवाले काका. काका आमचे शेजारी. प्लांटमध्ये बाबांच्याच शॉपमध्ये, म्हणजे विभागात, ते क्रेन चालवायचे. क्रेन बिघडली की बाबा रिपोर्टात 'ऑपरेटरची चूक' असं लिहायचे आणि काकांना त्याखाली सही करावी लागायची. क्रेनची चूक कधी झालीच नाही. काका हे विसरलेले नाहीत, पण रोज सकाळी चहाला याच गाडीतून जातात.

काकांनी आपल्या फोनवरून मला कॉल लावून ठेवला होता, त्यातून आईचा आवाज माझ्या हेल्मेटमध्ये येत होता. शेजारणीला कुकरच्या शिट्ट्या सांगाव्यात तशी ती तेलाचं तापमान सांगत होती. "नव्वद. ब्याण्णव. पंच्याण्णव झाले जी." काका लिहून घेत होते. बाबा मधूनच "हळू वाच" म्हणत होते, म्हणजे तेलही हळू तापेल अशी त्यांची काही तरी समजूत असावी.

आणि मी मागून बघत होते की गाडीचे मागचे लाल दिवे लागलेलेच आहेत. आधी वाटलं, समोर कोणी आलं असेल. मग मोकळा रस्ता आला. गाडी पळत होती आणि ब्रेकचे दिवे चालूच होते. बोरसीपासून सिविक सेंटरपर्यंत ते एकदाही विझले नाहीत.

मग मला कळलं. ऑटोमॅटिक गाडीत ज्याला काही कामच नसतं तो बाबांचा डावा पाय ब्रेकवर होता. आयुष्यभर क्लचवर राहिलेला पाय, बाबा रिटायर झाले तरी तो झाला नव्हता. उजवा पाय गाडी पळवतोय, डावा तिला धरून ठेवतोय, आणि मधल्या मध्ये तेल शिजतंय. हे सांगितलं तर दादाचंच म्हणणं खरं ठरणार, बिघाड गाडीत नाही, माणसात आहे. न सांगावं तर गिअरबॉक्स जळणार, नाहीतर त्याआधी कोणाला तरी धडक. मी सिविक सेंटरपर्यंत गप्प राहिले. तेवढा वेळ मी बाबांना दिला, असं मी स्वतःला सांगते, पण खरं म्हणजे मी घाबरले होते.

पार्किंगमध्ये गाडी थांबल्यावर मी खिडकीपाशी गेले आणि आईलाच विचारलं, "आई, गाडी चालवताना बाबांचा डावा पाय कुठे असते?"

"ब्रेकवर," आई म्हणाली. "नेहमीच असते."

"मंग सांगतलं कावून नाही?"

"मले वाटलं तो डाव्या पायाचाच आहे. आन् मले टेम्परेचर वाचायले सांगतलं होतं."

बाबा खाली आपल्या पायाकडे बघत राहिले. पाय अजूनही तिथेच होता. मग मागून वही पुढे आली, वर पेन ठेवलेलं.

"लिहा, फोरमन," क्रेनवाले काका म्हणाले. "मी वाट पाहून राहिलो."

बाबांनी लिहिलं, 'ऑपरेटरची चूक.' खाली स्वच्छ अक्षरात सही केली. काकांनी ते दोनदा वाचलं आणि मोबाईलवर फोटो काढला. मला वाटलं आता ते हसतील, पण त्यांनी वही मिटली आणि खिडकीतून बाहेर बघत बसले.

बाबा उतरले. स्टीअरिंगवरून काढून डॅशबोर्डवर ठेवलेला लाल टॅग घेतला, डावा पाय सरळ माझ्या स्कूटरच्या सीटवर ठेवला आणि घोट्यावर टॅग बांधला. काम चालू आहे, मशीन चालू करू नये. चहाच्या टपरीवर लोक बघत होते. त्यांच्या वेळच्या माणसांपैकी कोणीच काही विचारलं नाही. टॅग म्हणजे टॅग, तो कशावर आहे हा प्रश्न त्यांना पडत नाही.

परतताना मी पुन्हा मागे होते. दिवे फक्त सिग्नलला लागले. आई ब्याऐंशीवर अडकली आणि वैतागून म्हणाली, "आता काही वाढूनच नाही राहिलं." कोड परत आला नाही.

मी दादाला फोन करून गिऱ्हाईकाला नको म्हणायला सांगितलं. "फॉल्ट सापडला. एक पार्ट बंद ठेवलाय." कोणता, ते त्यानं विचारलं नाही.

संध्याकाळी बाबा ओट्यावर पाय पसरून बसले होते. गुडघा सुजला होता आणि वाकून गाठीपर्यंत त्यांचा हात पोचत नव्हता. मी समोर बसले, पण हात लावला नाही. आम्हाला लहानपणापासून तसंच शिकवलेलं.

"काढ तू," बाबा म्हणाले.

"ज्यानं बांधला त्यानं काढा लागते ना?"

"आता तुले अधिकार दिला." मी गाठ सोडली. टॅग परत द्यायला गेले तर त्यांनी घेतला नाही. "तुझ्यापाशी ठेव. ज्या दिवशी स्टीअरिंगवर बांधशील, त्या दिवशी मी कावून म्हणून विचारणार नाही. दादाचं नाही ऐकणार, तुझं ऐकीन."

तो टॅग माझ्या पर्समध्ये असतो. भिलाईला गेले की पहिल्या सकाळी मी स्कूटर काढते आणि बोरसीपासून सिविक सेंटरपर्यंत गाडीच्या मागे जाते. अजून तरी दिवे नको तिथे लागलेले नाहीत. गेल्या खेपेला एका ठिकाणी लागल्यासारखे वाटले होते, पण ऊन डोळ्यांवर येत होतं.